२१४७४८३६४७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आम्ही काही शिक्षक मिळून रविवारी सकाळी आठवी ते बारावीच्या मुलांसाठी गणिताचा वर्ग घेतो. तिथे एक संख्या पुन्हा पुन्हा फळ्यावर येते, आणि तिच्याबद्दल मुलं, त्यांचे पालक आणि इंजिनिअरिंगला गेलेले आमचे जुने विद्यार्थी तेच ते प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. जिथे २^३१ असं लिहिलं आहे तिथे ‘२ चा ३१ वा घात’ असं वाचावं. जवळ वही-पेन घेऊन वाचलंत तर जास्त मजा येईल.

ही संख्या वाचायची कशी? ती आली कुठून?

२,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकतीस वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला की ही मिळते : २^३१ − १. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून लिहिली तर ओळीने ३१ वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. ही मूळ संख्या आहे. २, ३, ५, ७ अशी मोजदाद सुरू केली तर हिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा लागतो.

अशा ‘दोनाचा घात वजा एक’ स्वरूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मर्सेन हा फ्रान्समधला धर्मोपदेशक. त्याने १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी छापली. आपली संख्या या मालिकेतली आठवी. तिच्या आधीचे घातांक २, ३, ५, ७, १३, १७ आणि १९.

१ ही मूळ संख्या का धरत नाहीत?

मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक हवेत, १ आणि ती स्वतः. १ ला एकच विभाजक आहे. शिवाय १ ला मूळ मानलं तर १२ = २ × २ × ३ हे अवयव एकाच प्रकारे पाडता येतात असं म्हणता येणार नाही, कारण पुढे हवे तितके १ चिकटवता येतील.

सर, ही मूळ आहे कशावरून? कॅल्क्युलेटरवर किती वेळा भागून बघायचं?

वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच, म्हणून याला वेळ देतो.

सरळ रस्ता सगळ्यांना माहीत आहे. एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या जरासं पुढे येतं, आणि तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीने भागून बघायचं. हाताने एका भागाकाराला पाच मिनिटं धरली आणि रोज चार तास बसलं तर शंभर दिवस लागतील, तेही एकदाही न चुकता.

आता दुसरा रस्ता. आधी लहान संख्येवर चालून बघू : २^१३ − १, म्हणजे ८१९१. वर्गमूळ ९० च्या थोडं पुढे. नेहमीच्या पद्धतीने २ पासून ८९ पर्यंत २४ मूळ संख्यांनी भागावं लागेल. पण थोडा विचार केला तर दोन गोष्टी सिद्ध करता येतात. एक, ८१९१ च्या कुठल्याही मूळ विभाजकाला २६ ने (१३ च्या दुपटीने) भागलं तर बाकी १ च उरली पाहिजे. दोन, त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च हवी. पहिल्या अटीने ९० च्या आत फक्त २७, ५३ आणि ७९ उरतात. दुसऱ्या अटीने २७ (बाकी ३) आणि ५३ (बाकी ५) गळतात. उरला एकटा ७९. ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. भाग जात नाही. झालं, ८१९१ मूळ आहे. चोवीस भागाकारांचं काम एका भागाकारात!

ही युक्ती फळ्यावर पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासाठी मी कितीही रविवार द्यायला तयार आहे.

पण त्या दोन अटी खऱ्या कशावरून?

आपल्या मोठ्या संख्येसाठीच सिद्धता बघू. समजा ‘म’ ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे २^३१ ला म ने भागलं तर बाकी १. आता २, ४, ८, १६… अशा दोनाच्या घातांना म ने भागत जा आणि बाकी १ पहिल्यांदा कुठल्या घाताला येते ते शोधा. तिथून पुढे बाक्यांचं तेच चक्र पुन्हा सुरू होतं, म्हणून ज्या ज्या घातांकाला बाकी १ येते त्या प्रत्येकाला हा पहिला घातांक भागतो. तो ३१ लाही भागणार. पण ३१ स्वतः मूळ! म्हणजे तो १ असेल नाहीतर ३१. तो १ असू शकत नाही, कारण २ ला कुठल्याही मूळ संख्येने भागून बाकी १ येत नाही. म्हणून तो ३१.

इथे फर्माचा छोटा सिद्धांत मदतीला येतो : म विषम मूळ संख्या असेल तर २ च्या (म − १) व्या घाताला म ने भागल्यावर बाकी १ येते. म्हणजे ३१ ने म − १ ला भाग जातो. म विषम असल्याने म − १ सम, म्हणून ६२ नेही भाग जातो. पहिली अट सिद्ध झाली.

दुसरीसाठी एवढंच बघा : २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे एका पूर्ण वर्गाला म ने भागल्यावर बाकी २ येते. विषम मूळ संख्यांपैकी असं फक्त ८ ने भागून १ किंवा ७ बाकी उरणाऱ्यांच्याच बाबतीत घडतं. हा शेवटचा धागा कॉलेजात वर्गशेषांच्या प्रकरणात नीट शिकाल. तोवर ७, १७, २३ आणि ३, ५, ११, १३ वर स्वतः पडताळून बघा. ३ × ३ = ९ ला ७ ने भागा, बाकी २. उलट कुठल्याही वर्गाला ५ ने भागा. बाकी ०, १ किंवा ४ च येईल, २ कधीच नाही.

दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरू शकते. ४६,३४० पर्यंत अशा संख्या, सुरुवातीची ६३ सोडून, अवघ्या ३७२ आहेत. त्यातल्याही बऱ्याच संयुक्त. पहिल्या दोन, ६३ आणि २४९, उघडच संयुक्त आहेत (२४९ = ३ × ८३), म्हणून पहिली खरी उमेदवार ३११. तिच्याखालच्या एकाही मूळ संख्येने भाग जाणार नाही हे एकही भागाकार न करता कळलं! ३११ ने भागून बघा, बाकी ३५ येईल. तिच्यानंतरची मूळ उमेदवार थेट १३०३. मधल्या ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ या सगळ्या संयुक्त निघतात.

हे पहिल्यांदा कोणी केलं?

लिओनार्ड ऑयलरने, १७७२ मध्ये. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याच्याआधी इटलीतल्या कताल्दीने नुसत्या भागाकारांच्या जोरावर २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं दाखवलं होतं. पुढे त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात असं लिहून ठेवलं; त्यातला फक्त ३१ बरोबर निघाला. कताल्दीची मेहनत कमी नव्हती. फरक इतकाच की ऑयलरने आधी विभाजक कसा दिसेल याचा विचार केला आणि मग भागायला घेतलं.

त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षं ही माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लोने तर लिहिलं की हिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (ती काय असते ते पुढे येईल) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, कारण असल्या संख्यांचा काही उपयोग नसल्यामुळे कोणी शोधायला जाणारच नाही. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्यूकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं. ती ३९ अंकी आहे.

कोल्हापूरच्या एसटीडी कोडचा या संख्येशी संबंध आहे असं मुलं सांगतात. खरं का?

योगायोग आहे, पण पडताळून बघण्यासारखा आहे. आपला कोड ०२३१, आणि २३१ = ३ × ७ × ११. आता २१४७४८३६४७ मधून १ वजा करा. २१४७४८३६४६ चे मूळ अवयव असे :

२ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

त्यात ३, ७, ११ तिन्ही आहेत. म्हणजे कोल्हापूरच्या कोडने आपल्या संख्येला भागलं तर बाकी बरोबर १ उरते. भागाकार ९२,९६,४६६.

यात योगायोग नसलेला भागही आहे. ३१ तिथे आलाच पाहिजे, कारण फर्माचा सिद्धांत. ३, ७, ११ सुद्धा आलेच पाहिजेत, कारण २१४७४८३६४६ म्हणजे २ × (२^३० − १), आणि ३० ला २, ३, १० या तिन्ही संख्यांनी भाग जातो; २^२ − १ = ३, २^३ − १ = ७ आणि २^१० − १ = १०२३ = ३ × ११ × ३१. योगायोग फक्त टेलिफोन खात्याच्या बाजूचा.

घातांक मूळ असला की संख्या आपोआप मूळ होते का?

नाही. उलट मात्र खरं आहे : घातांक संयुक्त असेल तर संख्या हमखास संयुक्त. घातांक मूळ असूनही फसवणारी पहिली संख्या २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. आपली अट इथेही तपासा : २३ = २२ + १, ८९ = ८८ + १.

मर्सेन स्वतः यात फसला. त्याच्या यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे ठरले, आणि ६१, ८९, १०७ त्याच्याकडून राहून गेले. यातली २^६७ − १ ची गोष्ट मला फार आवडते. ल्यूकाने १८७६ मध्ये ती संयुक्त आहे हे सिद्ध केलं, पण अवयव एकही सांगितला नाही, कारण त्याच्या पद्धतीला अवयवांची गरजच नव्हती. ते सापडायला १९०३ उजाडलं. अमेरिकेच्या फ्रँक कोलने दाखवलं : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. एखादी संख्या फुटते हे पक्कं ठाऊक असणं आणि ती कुठे फुटते हे ठाऊक असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना हे पटायला वेळ लागतो, लागू द्यावा.

प्रोग्रॅमिंग शिकताना हीच संख्या दिसते. ती मूळ आहे म्हणूनच का?

नाही. संगणकात पूर्णांक साठवायला बरेचदा ३२ बिट (० किंवा १ ठेवायच्या जागा) वापरतात. एक बिट चिन्हाला गेला की ३१ उरतात, आणि त्या सगळ्यांत १ भरला की २^३१ − १. म्हणून ती तिथली सर्वांत मोठी संख्या. १६ बिटांची तशीच सीमा ३२,७६७, ती ७ × ३१ × १५१ अशी फुटते. ६४ बिटांची २^६३ − १, तिला तर ७ नेच भाग जातो.

या सीमेचे परिणाम मात्र खरे आहेत. २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली, तेव्हा मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली होती. बरीच जुनी यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. त्यांचा आकडा आपल्या घड्याळाप्रमाणे १९ जानेवारी २०३८, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी बरोबर २१४७४८३६४७ होईल, आणि पुढच्या सेकंदाला ऋण होईल. आज कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांपैकी काही जण तोवर अशाच यंत्रणा दुरुस्त करत असतील.

मूळ असण्याचा उपयोग झाला तो यादृच्छिक संख्यांसाठी, म्हणजे फासे टाकून आल्यासारख्या दिसणाऱ्या संख्यांसाठी. एखादी संख्या घ्या, तिला १६,८०७ ने (हा ७ चा पाचवा घात) गुणा, २१४७४८३६४७ ने भागा. बाकी हीच पुढची संख्या. १ पासून निघालात तर १ वर परत येण्याआधी २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच भेटते. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही पद्धत किमान दर्जा म्हणून सुचवली होती. आज याहून चांगल्या पद्धती आहेत.

हिचे आणखी काही गुण?

हिच्यापासून एक परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला सोडून बाकी सर्व विभाजकांची बेरीज स्वतःइतकी येते ती परिपूर्ण संख्या, जसं ६ = १ + २ + ३. युक्लिडने सांगितलं की मर्सेन मूळ संख्येला योग्य त्या दोनाच्या घाताने गुणलं की अशी संख्या मिळते. इथे २^३० ने गुणायचं : २३०५८४३००८१३९९५२१२८, आठवी परिपूर्ण संख्या. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते, हे पुन्हा ऑयलरनेच सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या असते का, हे आजही कोणाला माहीत नाही.

हिला जोडमूळ सोबती नाही. दोनने मागे २१४७४८३६४५, तिला ५ ने भाग जातो. दोनने पुढे २१४७४८३६४९, तिला ३ ने. जवळच्या मूळ संख्या मागे २१४७४८३६२९ आणि पुढे २१४७४८३६५९. या परिसरात सरासरीने एकवीस-बावीस संख्यांमागे एक मूळ संख्या असते.

चारने भागून बाकी ३ उरते, म्हणून ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. आणि घातांक ३१ स्वतःच मर्सेन मूळ संख्या आहे (२^५ − १). अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत : ७, १२७, आपली, आणि ल्यूकाची २^१२७ − १.

सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. प्रत्येक अंकाला दोन मिलिमीटर जागा दिली तर ओळ ८२ किलोमीटर होईल. कोल्हापुरातून हायवेने निघालात तर कराड मागे पडेल. ती शोधणारा ल्यूक ड्युरँट ‘गिम्प्स’ या १९९६ पासून चालणाऱ्या उपक्रमात सहभागी होता. त्यात जगभरचे लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देतात. तुम्हीही देऊ शकता; विजेचं बिल आणि लॅपटॉप तापणं यांचा विचार आधी करा.

एवढ्या संख्येला अर्थातच भागत बसत नाहीत. मर्सेन संख्यांसाठी ल्यूका आणि लेमर यांची सुंदर कसोटी आहे. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, मूळ आहे का ते तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी ० आली तर मूळ, नाहीतर नाही. १२७ साठी पाच पावलं : ४, १४, ६७, ४२, १११, ०. आपल्या संख्येला २९ पावलं लागतात.

कुठल्याही संख्येसाठी, खात्रीची आणि अंकांच्या मानाने झटपट चालणारी कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. हे मी वर्गात दरवर्षी मुद्दाम सांगतो.

शेवटची मूळ संख्या कधीतरी येईलच ना?

नाही. आल्या समजा. सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कोणीही भागलं तरी बाकी १ च. म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचा आहे. युक्लिडचा हा युक्तिवाद दोन हजारांहून अधिक वर्षं जुना आहे.

यूपीआय आणि बँकेची सुरक्षितता मूळ संख्यांवर चालते, तिथे हीच वापरतात का?

मूळ संख्या वापरतात हे बरोबर, पण ही नाही. आरएसए या संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीनशेच्या आसपास अंक असलेल्या दोन मूळ संख्या गुपचूप निवडून त्यांचा गुणाकार उघड करतात. सगळ्या जगाला पाठ असलेली दहा अंकी संख्या तिथे निरुपयोगी आहे.

लहान मुलांना मूळ संख्यांची गोडी कशी लावावी?

रस्त्यावरच्या गाड्यांपासून. एमएच ०९ नंतरचे चार अंक बघायचे आणि मूळ आहेत का ते तोंडी ठरवायचं. चार अंकी संख्येसाठी १०० च्या आतल्या २५ मूळ संख्या पुरतात. चार अंकी मूळ संख्या १,०६१ आहेत, म्हणजे साधारण आठ-नऊ गाड्यांमागे एक सापडायला हरकत नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत अडकलात तर भरपूर सराव होतो. २०४७ आणि १७२९ (७ × १३ × १९) हमखास चकवतात. पिनकोडही घ्या : ४१६००१ = ३ × २३ × ६०२९, आणि ६०२९ मूळ आहे.

हे परीक्षेत येतं का?

बोर्डाच्या परीक्षेत नाही. ऑलिम्पियाडच्या तयारीला फर्माचा सिद्धांत नक्की लागतो. पण मुलाला यात रस वाटत असेल तर मार्कांचा हिशेब न करता बसू द्या, ही माझी पालकांना मनापासून विनंती आहे.

सुट्टीत स्वतः करून बघायला एखादी संख्या द्या.

२^१७ − १ = १,३१,०७१ घ्या. वर्गमूळ ३६२ च्या जरासं पुढे. विभाजक ३४ ने भागून बाकी १ देणारा हवा, म्हणून ३५, ६९, १०३, १३७… अशी ३६२ पर्यंत यादी करा. ८ ने भागून १ किंवा ७ बाकी नसलेल्या खोडा, संयुक्त खोडा. यादी बरोबर असेल तर १०३, १३७ आणि २३९ एवढ्याच उरतील. पहिलीची बाकी ५५ येईल. उरलेल्या दोघींची बाकी सारखीच, ९९ आली तर गुणाकार पुन्हा तपासत बसू नका, ती तशीच येते. का येते ते मात्र शोधून पुढच्या रविवारी सांगा.